द कॉर्सचं आयरिशपण: मुरलेलं की वरून चिकटवलेलं?

रानवारा
द कॉर्स हा बँड म्हणजे आयर्लंडमधल्या डंडॉकची ही चार भावंडं. अँड्रिया गाते आणि टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) वाजवते, शॅरन व्हायोलिनवर, कॅरोलाइन ड्रम्स आणि बाऊरानवर (डफासारखा, पण छोट्या काठीने वाजवतात), जिम गिटार-कीबोर्डवर. गाणी गोड आहेत, वादच नाही. पण 'पॉप आणि आयरिश लोकसंगीताचा संगम' हे बिरुद मला जास्तीचं वाटतं. बहुतेक गाण्यांचा सांगाडा निव्वळ पॉपचा. दोन कडव्यांमध्ये व्हायोलिन येतं नि जातं. 1998 मध्ये डीजे टॉड टेरीने त्यांच्या 'ड्रीम्स'चं (मूळ फ्लीटवुड मॅक बँडचं) नाचायचं रीमिक्स केलं आणि ब्रिटनमध्ये गाडी सुटली. 'टॉक ऑन कॉर्नर्स' हा त्या वर्षीचा तिथला सर्वाधिक खपाचा अल्बम! 1995 च्या पहिल्या अल्बममध्ये अर्धा डझन वाद्यतुकडे (गाण्याविना नुसत्या वाद्यांचे) होते, 2000 च्या 'इन ब्लू'मध्ये उरला एक. काय ते समजा.

जुनी_कॅसेट
त्या रीमिक्समध्येही शॅरनचं व्हायोलिन आहेच की. आणि तुम्ही फक्त रेडिओवरची गाणी धरून बोलताय. 'टॉस द फेदर्स' ऐका. जुनी पारंपरिक रील (जलद आयरिश नाचाची धून) आहे. व्हिसल आणि व्हायोलिन एकच चाल जोडीने धरतात, ड्रम्स खालून रेटा देतात, आणि गिटारला त्यांच्यामागे धावावं लागतं. इथे पॉप पाहुणा आहे, यजमान नाही. स्टेजवर ही रील सुरू झाली की लोक काय करतात ते कुठल्याही व्हिडिओत बघा.

बेसूर
एका रीलवर किती दिवस काढणार? संगम ऐकायचा तर क्लॅनाड हा आयरिश बँड ऐका. तेही घरचंच खटलं: डोनेगलची ब्रेनन भावंडं आणि त्यांचे जुळे मामा. 1982 मध्ये 'हॅरीज गेम' या मालिकेचं शीर्षकगीत आयरिश भाषेत गायले आणि ते ब्रिटनच्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) भरपूर होता, पण भाषा सोडली नाही. कॉर्सची गाजलेली गाणी सगळी इंग्रजीत.

जुनी_कॅसेट
डंडॉक काही डोनेगलच्या आयरिश बोलणाऱ्या पट्ट्यात येत नाही, बेसूरराव. घरात जे बोलतात त्यातच गाणार ना? तरी कॉर्सच्या 2005 च्या 'होम'मध्ये दोन गाणी आयरिशमध्ये आहेतच. आई 1999 मध्ये गेली, तिच्या जुन्या गाण्यांच्या वहीतून तो अल्बम निघाला. आई-वडील दोघंही गावातल्या कार्यक्रमांतून गायचे-वाजवायचे. वरून चिकटवायला यांना बाहेरून आणायची गरजच नव्हती.

तिरपी_रेघ
'शुद्ध' आयरिश म्हणजे नक्की कुठलं बुवा? आज पबमधल्या सेशनमध्ये (जमून वाजवायच्या बैठकीत) सर्रास दिसणारं बुझुकी हे तंतुवाद्य 1960 च्या दशकात ग्रीसमधून आलं. आता ते परंपरेचं, आणि कॉर्सचे ड्रम्स मात्र बाटगे?

रानवारा
बुझुकी आलं ते सेशनमध्ये सगळ्यांबरोबर बसून वाजायला लागलं, म्हणून रुळलं. कॉर्सचे ड्रम्स सेशनमध्ये कोण नेतो? 'होम' ऐकलाय, गायलाय मनापासून. पण तिथेही मागे बीबीसीचा ऑर्केस्ट्रा गादी अंथरून बसलाय! आईच्या वहीतली गाणी नुसत्या चार भावंडांनी वाजवलेली मला ऐकायची होती. वाद्यं होती, हात होते, मग एवढा फौजफाटा कशाला? जुनी_कॅसेट, याचं उत्तर द्या, मग पुढे बोलू.