उजाड माळ? अर्धंच खरं

कोणीतरी लिहिलंय की प्रेअरी डॉगची (अमेरिकेतल्या गवताळ माळावर बिळं करून राहणारी खारीच्या कुळातली प्राणी, कुत्रा नव्हे) वसाहत झाली की माळ उजाड होतो, गुरांना काडी उरत नाही. साउथ डकोटातल्या बॅडलँड्समध्ये रॉबर्ट्स प्रेअरी डॉग टाउनपाशी गाडी लावून तासभर बसलो होतो, तेव्हा मलाही आधी तसंच वाटलं. गवत जेमतेम बोटभर. पण त्यातलं बरंचसं प्रेअरी डॉग खात नाहीत, नुसतं कुरतडून टाकतात. कायोटी (कोल्ह्यासारखा शिकारी प्राणी) लांबून दिसावा म्हणून! आणि सतत खुडल्यामुळे जो कोवळा फुटवा येतो तो जास्त सकस असतो, त्यामुळे बायसन मुद्दाम तिथे चरायला येतात.

एकजण बिळाच्या उंचवट्यावर मागच्या पायांवर उभा राहिला, मान मागे टाकून 'यिप' ओरडला आणि तोल जाऊन जवळजवळ उताणाच पडला. लगेच शेजारचे सुरू. हसू आवरेना.

प्रेअरी डॉगना विष घालून मारायची मोहीम सुचवणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं: काळ्या पायांचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) जवळपास यांनाच खाऊन जगतो. तो नामशेष झाला असं धरून चालले होते. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीत्सीजवळ एका पाळीव कुत्र्याने मारून आणला, तेव्हा कळलं की अजून आहे.