चर्चा: म्हणे पोहता येणारा त्सुनामीत तरतो!

कातळ: सध्या एक पोस्ट फिरतेय. 'त्सुनामी म्हणजे शेवटी पाणीच. कंबरेइतकं असेल तर पाय रोवून उभे राहा, जास्त असेल तर पोहा.' घरच्या ग्रुपवरही आली तेव्हा राहवलं नाही. अहो, पाणी एकटं येतं का? २०११ च्या जपानच्या चित्रफिती बघा. बंदराच्या तळातला गाळ उपसून काळाकुट्ट झालेला लोंढा, त्यात मोटारी, छपरं, अख्खी घरं एकमेकांवर आपटत चाललेली. केसेन्नुमात टाक्यांतलं तेल सांडलं आणि तरंगत्या ढिगाऱ्याने पेट घेतला. त्यात पोहून दाखवा म्हणावं! ३३० टनांची क्योतोकु मारू ही मासेमारी बोट तिथेच सुमारे ७५० मीटर आत येऊन बसली. २००४ च्या त्सुनामीत इंडोनेशियातल्या बांदा आचेत २,६०० टनांचा वीजनिर्मितीचा बार्ज, म्हणजे सपाट तळाचा तराफा, दोन-तीन किलोमीटर आत गेला.

वल्हं: हे टोकाचे नमुने झाले. वादळी उधाणात पाणी तासन्‌तास चढत राहतं, तिथे पोहणं उपयोगी पडतंच. उगाच घाबरवू नका लोकांना.

कातळ: २०१३ च्या हैयान वादळात फिलिपिन्समधल्या टॅक्लोबानच्या वस्तीत जहाजं घुसली, ती बहुतेक हळूहळू चढली असतील. आणि २००५ मध्ये कतरिना वादळाने अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या किनाऱ्यावरचे कॅसिनोचे बार्ज जमिनीवर आणून टाकले, तेही सावकाशच.

रिकामा डबा: आमच्या घरात उधाणाचं पाणी शिरलं होतं. जेमतेम मांडीपर्यंत. फ्रिज तरंगला, आडवा झाला आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून टेकून बसला. दार आत उघडणारं. आई आत, मी बाहेर. शेवटी शेजाऱ्याने दाराची वरची फळी फोडली. मला पट्टीचं पोहता येतं, सांगून ठेवतो.

गणिती: सगळेच भावनेच्या भरात. वाहणारा माणूस आणि वाहणारा ओंडका साधारण एकाच वेगाने जातात, त्यामुळे नुसतं वाहताना धडक तितकी नसते. तुम्ही भिंतीला अडलात आणि ओंडका मागून आला, की संपलं. इमारतीचंही तेच. तळमजल्याचे मोकळे खांब पाणी जाऊ देतात, पण त्यांत मोटारी-फळ्या अडकल्या की बांध तयार होतो आणि सगळा लोंढा त्यावर रेटतो.

वल्हं: बरं बाबा, नाही पोहत. उंचावर पळतो. झालं समाधान?

हिरवळ: मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही. किनाऱ्यावरची झाडं तोडली की हे होणारच. झाडं असती तर हा राडारोडा तिथेच अडला असता. पण सगळ्यांना समुद्र दिसणारी खिडकी हवी ना!

गणिती: २०११ च्या आधी जपानच्या रिकुझेनताकाताला किनाऱ्यावर सुमारे ७०,००० पाईन वृक्ष होते. लाटेनंतर एक उरला, तोही खाऱ्या पाण्याने मेला. बाकीचे कुठे गेले असतील? ओंडके होऊन गावाच्या अंगावर. ही तुमची ढाल.

हिरवळ: अहो, दहा मीटरहून उंच पाण्यापुढे झाड काय डोंबल टिकणार! लाट लहान असेल तिथे हीच खोडं बोटी अडवतात, घरांपर्यंत पोहोचू देत नाहीत. परतीच्या ओढीत माणसाला धरायलाही काहीतरी मिळतं. एक उदाहरण फेकलं की जिंकलो, असं असतं का?

गणिती: दुसरं घ्या. जपानमध्येच सेंदाईच्या किनाऱ्यावर वाळूत भूजल वर असल्याने पाईनची मुळं उथळ राहिली. मुळासकट उपटले गेले.

हिरवळ: आणि नंतर तिथल्या लोकांनी काय केलं? झाडांना रामराम नाही ठोकला. भराव घालून जमीन उंच केली, मुळं खोल जावीत म्हणून, आणि पुन्हा रोपं लावली. तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळत असावं.

कातळ: परतीच्या ओढीबद्दल बरोबर बोललात. २०११ मध्ये जपान सरकारच्या अंदाजाने ५० लाख टन ढिगारा पाण्याने समुद्रात ओढून नेला, त्यातला ७० टक्के किनाऱ्याजवळच बुडाला. जाताना एकदा आणि येताना एकदा, असा दोनदा मार. पण ताई, झाडांसाठी वेगळा धागा काढा ना.

हिरवळ: नाही काढणार. ढिगारा अडवायचा कसा, हा याच धाग्याचा विषय आहे.

गणिती: भराव घातला म्हणजे पहिली लावणी चुकली होती, हे तुम्हीच कबूल केलंत. धन्यवाद.

हिरवळ: जपानच्याच तारो गावाला दहा मीटर उंच समुद्रभिंत होती. २०११ ची लाट वरून गेली आणि भिंतीचा एक भाग फुटला. म्हणून तुम्ही लोकांनी काँक्रीट सोडलंत का?