बाइकच्या शाफ्ट ड्राइव्हच्या (चेनऐवजी फिरत्या दांड्याने चाक चालतं ते) स्प्लाइनला कुठलं ग्रीस?

टायर बदलायला मागचं चाक काढलं तर स्प्लाइनवर, म्हणजे चाक ड्राइव्हला जोडणाऱ्या एकात एक बसणाऱ्या दातांवर, तांबूस पावडर, ग्रीस पार सुकलेलं. बेअरिंगचं ग्रीस पडलंय घरात, तेच फासू का? फायनल ड्राइव्हचं (मागच्या चाकाजवळच्या गिअरच्या डब्याचं) ऑइल तर मी वेळेवर बदलतो.

> नको रे बाबा! ते ऑइल आतल्या गिअरसाठी, बऱ्याच गाड्यांत चाकाकडच्या स्प्लाइनपर्यंत ते पोचतच नाही. तांबूस पावडर म्हणजे दात एकमेकांवर घासून सुटलेला गंज. मॉलिब्डेनम डायसल्फाइडवाली पेस्ट घे, ६० टक्केवाली मिळाली तर उत्तमच, साधं ग्रीस फिरून फिरून उडून जातं. आधी जुनं सगळं पुसून दात बघ, टोकदार झाले असतील तर पार्टच बदलावा लागेल.

> आणि थापू नका, पातळ थर बस. मी दर टायरला करतो.

दात ठीक आहेत, वाचलो. पेस्ट मागवतो.