पाणंद, चिखल आणि उभे चढ-उतार : मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

पाणंदवाला (शाहूपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. घरच्या जुन्या गाडीच्या जागी फोर बाय फोर गाडी घ्यायचे ठरले असून निवड थार आणि जिम्नी या दोन गाड्यांवर येऊन थांबली आहे. दोन्हींपैकी कोणती, हे अंदाजपत्रक ठरवेल; परंतु गिअरबॉक्स कोणता घ्यावा यावर घरात एकमत होत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

वापर साधारण असा आहे. कामाच्या दिवशी शाहूपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, आणि त्यात सायबर चौकातली कोंडी ठरलेली. सुट्टीला पाटगावच्या बाजूला असलेल्या शेतावर जाणे. गारगोटीच्या पुढेही बराच रस्ता डांबरी आहे, पण शेवटचा टप्पा पाणंदीचा आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या पावसाळ्यात पाण्याने भरतात, तांबड्या मातीचा राडा होतो, मध्ये एक ओढा लागतो आणि ओढ्यापलीकडे जांभ्याचा उभा चढ आहे, ज्यावर जून ते ऑक्टोबर शेवाळ असते. याखेरीज रांगणा किल्ल्याच्या वाटेने चिक्केवाडीपर्यंत जाण्याची हौस आहे, पण ती हौसच.

वडिलांचे म्हणणे असे की ऑटोमॅटिक गाडी उताराला हातात राहत नाही आणि चिखलात बंद पडली तर ढकलूनही सुरू होत नाही. पत्नीचे म्हणणे असे की गाडी निम्म्या वेळा ती चालवणार आहे आणि शहरात सतत क्लच दाबत बसण्याची तिची तयारी नाही. मला दोघांचेही पटते, आणि नेमकी तीच अडचण आहे. ज्यांनी अशा वाटांवर दोन्ही प्रकार चालवले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यवाटा (कोल्हापूर)

प्रथम ऑटोमॅटिक म्हणजे कोणती, हे स्पष्ट करून घ्यावे लागेल. स्वस्त गाड्यांत मिळणारी एएमटी ही मूळची मॅन्युअल पेटीच असते; तिचा क्लच पायाऐवजी मोटर दाबते, इतकेच. चढावर इंच-इंच पुढे सरकताना ती क्लच घासते आणि तापते. आपण पाहत असलेल्या दोन्ही गाड्यांत मात्र टॉर्क कन्व्हर्टर आहे : थारमध्ये सहा गिअरचा, जिम्नीत चार गिअरचा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये येथे घासणारी प्लेट नसून तेल असते. एका पंख्याने फेकलेले तेल समोरचा पंखा फिरवते, आणि चाके थांबलेली असताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, त्यातून वाढून पुढे जातो. ही वाढ दुपटीच्या आसपास पोहोचू शकते.

आपल्या जांभ्याच्या चढावर याचा अर्थ काय होतो ते सांगतो. मॅन्युअल गाडीत पुढचे चाक दगडाला टेकले की चालकाला तीन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात : क्लच किती सोडायचा, अ‍ॅक्सिलरेटर किती द्यायचा आणि गाडी मागे सरकू द्यायची नाही. यात थोडे जास्त झाले की चाके फिरतात आणि शेवाळाखालचा चिखल वर येतो. थोडे कमी झाले की इंजिन बंद पडते. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय ब्रेकवर आणि उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवून ताकद हळूहळू वाढवता येते, चाक दगडावर चढले की ब्रेकने तिथेच थांबता येते, आणि पुढच्या दगडासाठी पुन्हा तेच. निसरड्या चढावर हा फरक फार मोठा आहे. जिम्नीसारख्या लहान इंजिनाला तर तो अधिकच उपयोगी पडतो, कारण तिचा १३४ न्यूटन-मीटर टॉर्क बऱ्यापैकी वरच्या फेऱ्यांवर मिळतो आणि मॅन्युअलमध्ये तिथपर्यंत इंजिन नेण्यासाठी क्लच झिजवावा लागतो.

वडिलांची शंका मात्र पूर्णपणे रास्त आहे, कारण चढलेला चढ परतताना उतार होतो. मॅन्युअल गाडी लो रेंजमध्ये (वेग कमी आणि ओढ जास्त देणाऱ्या, फोर बाय फोरच्या वेगळ्या लिव्हरने निवडायच्या गिअरिंगमध्ये) पहिल्या गिअरला टाकली, दोन्ही पाय पेडलवरून काढले, की इंजिन चाकांना थेट धरून ठेवते आणि गाडी माणसाच्या चालीने उतरते. ब्रेक लावायचाच नसल्यामुळे चाके लॉक होऊन घसरण्याचा प्रश्न येत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये कमी वेगाला तेल निसटत राहते, त्यामुळे ही पकड ढिली असते. केवळ डीमध्ये (ड्राइव्हमध्ये) ठेवून ओल्या जांभ्यावरून उतरणारी ऑटोमॅटिक खरोखरच अंगावर येते. तिला लो रेंजमध्ये घालून थारला मॅन्युअल मोडवर पहिला गिअर आणि जिम्नीला लिव्हर एलवर ठेवला तर बराच फरक पडतो, आणि उरलेले काम हिल डिसेंट कंट्रोल प्रत्येक चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून करते. त्या वेळी ब्रेकमधून येणारा कर्कश आवाज ऐकून घाबरू नये. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर उताराला मला मॅन्युअलच अधिक विश्वासाची वाटते.

इंजिनाचे आकडे गिअरबॉक्सप्रमाणे थोडे बदलतात, हेही लक्षात असू द्यावे. २०२० च्या थारमध्ये पेट्रोल मॅन्युअलला ३०० आणि ऑटोमॅटिकला ३२० न्यूटन-मीटर टॉर्क आहे. डिझेलला दोन्हीकडे ३००च. हा फरक पाणंदीत जाणवणार नाही. जाणवेल ती लो रेंज, आणि त्याहून अधिक टायर.

डोंगरदरीकर (गडहिंग्लज)

वरील विवेचन योग्य आहे, परंतु मी वडिलांच्या बाजूने मत देईन. ज्या गाड्या खास या कामासाठीच बनतात त्यांच्याकडे पाहावे. फोर्स गुरखा आजही केवळ मॅन्युअलमध्ये मिळते, पुढच्या व मागच्या दोन्ही डिफरन्शियलना (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागांना) दोन्ही चाके एकत्र फिरवणारे यांत्रिक लॉक आहे, आणि तिच्या चालकांकडून मी गिअरबॉक्सबद्दल तक्रार ऐकलेली नाही. ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाच्या डाव्या पायाला जे कळते ते कोणत्याही यंत्रणेला शिकवता येत नाही, असे माझे मत आहे. शहरातली कोंडी हा वेगळा विषय असून त्यासाठी वेगळी लहान गाडी असणे चांगले. (हे सांगणे सोपे आहे, याची मला कल्पना आहे.)

स्पॅनर (शिवाजी उद्यमनगर)

माझा संबंध गाड्या चालवण्यापेक्षा त्या उघडण्याशी अधिक येतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

पावसाळ्यात चिखलातून येणाऱ्या मॅन्युअल गाड्यांत सर्वाधिक दिसणारे काम क्लच प्लेटचे असते. गाडी रुतली की चालक हाय रेंजमध्येच अर्धा क्लच धरून जोर लावत राहतो, जळका वास येऊ लागतो, आणि वास आल्यावरही तो थांबत नाही. लो रेंजमध्ये घातली असती तर तेच इंजिन क्लच न घासता गाडी बाहेर काढू शकले असते. फोर बाय फोर गाडीची क्लच प्लेट बदलताना गिअरबॉक्सबरोबर ट्रान्सफर केसही (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) उतरवावी लागते, त्यामुळे मजुरी आणि वेळ दोन्ही वाढतात. मात्र हे काम गारगोटीतील चांगला मेकॅनिकही करू शकतो.

ऑटोमॅटिकमध्ये ही झीज नसते, पण तिचा शत्रू उष्णता आहे. चिखलात बराच वेळ चाके नुसतीच फिरवत ठेवली की कन्व्हर्टरमधील तेल तापते. तापमानाचा इशारा आला तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू राहू द्यावे, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहते. घाबरून इंजिन बंद करू नये. आतील व्हॉल्व्ह बॉडी वगैरे बिघडली तर मात्र रस्त्याकडेच्या गॅरेजचा उपयोग नाही, गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्येच न्यावी लागते.

ओढ्याबद्दल विशेष सांगावेसे वाटते. थारला कंपनीने ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा दिली आहे; ती स्थिर पाण्यासाठी समजावी, वाहत्या ओढ्यासाठी नव्हे. मॅन्युअल गाडी पाण्यात असताना क्लच दाबू नये, कारण क्लचच्या घरात पाणी व गाळ शिरला की प्लेट आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये तो अडकतो आणि प्लेट घसरू लागते. म्हणून लो रेंज, पहिला किंवा दुसरा गिअर, आणि पलीकडच्या काठापर्यंत तोच गिअर. ऑटोमॅटिकमध्ये ही चिंता नाही, परंतु ब्रीदरमधून (पेटीतील हवा जाण्या-येण्याच्या नळीतून) पाणी आत गेले तर तिचे नुकसान अधिक होते, कारण आतील घर्षण-प्लेटांचे अस्तर पाण्याने सुटते. खोल पाण्यातून गेल्यावर गिअरबॉक्सचे तेल तपासून घ्यावे. ते दुधाळ दिसले तर गाडी पुढे चालवू नये. आणि गिअरबॉक्स कोणताही असो, पाण्यात इंजिन बंद पडल्यास पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग क्लच की कन्व्हर्टर हा वादच उरत नाही.

ढकलून सुरू करण्याबाबत वडिलांचे म्हणणे खरे आहे; बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिकला जंपर केबलशिवाय पर्याय नाही. केबल गाडीत ठेवावी, ती महाग नसते. त्याहून महत्त्वाचे टोचनचे आहे. ऑटोमॅटिक फोर बाय फोर गाडी चारही चाके जमिनीवर ठेवून लांबपर्यंत ओढू नये, कारण इंजिन बंद असताना पेटीतील तेलाचा पंप फिरत नाही आणि आतील भाग कोरडे घासतात. रुतलेली गाडी ट्रॅक्टरने चार-सहा मीटर बाहेर ओढणे वेगळे आणि पाटगावहून गारगोटीपर्यंत ओढत आणणे वेगळे. थारच्या ट्रान्सफर केसच्या लिव्हरला न्यूट्रलची जागा आहे, तरीही गाडीसोबत येणाऱ्या पुस्तिकेतील टोचनचे पान ट्रॅक्टरवाल्याला दोर बांधण्याआधी दाखवावे.

पाणंदवाला (शाहूपुरी, कोल्हापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांना ही उत्तरे वाचून दाखवली. उताराबद्दलचा परिच्छेद त्यांनी दोनदा ऐकला. आणखी एक शंका आहे. मागील चाकांवर चालणारी थार पेट्रोल ऑटोमॅटिक बरीच स्वस्त पडते. चांगले टायर घालून ती या पाणंदीत चालेल का? आणि उभ्या चढावर मॅन्युअल गाडी बंद पडली तर नेमके काय करावे?

सह्यवाटा (कोल्हापूर)

२०२३ मध्ये आलेल्या त्या थारमध्ये लो रेंजच नाही, त्यामुळे आपल्या वर्णनातील चढासाठी ती सुचवणार नाही. कोरड्या दिवसांत ती जाईलही, परंतु पावसाळ्यात पुढची चाके चाकोरीत अडकली की त्यांना ओढायला काही नसते. येथे बचत करण्यापेक्षा जिम्नीकडे वळावे. तिच्या दोन्ही गिअरबॉक्सबरोबर लो रेंज मिळते आणि वजन कमी असल्याने ती चिखलात कमी रुतते.

चढावर इंजिन बंद पडल्यास न्यूट्रल करून मागे सोडणे हा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. पायाचा ब्रेक घट्ट धरावा, हँडब्रेक ओढावा, क्लच दाबून लो रेंजमध्ये रिव्हर्स टाकावा, इंजिन सुरू करावे, आणि क्लच सोडत असतानाच हँडब्रेक व पायाचा ब्रेक हळूहळू सैल करत, गिअरच्या पकडीवर सरळ मागे यावे. स्टीअरिंग वळवू नये. चढावर गाडी आडवी झाली की उलटते. हे कोरड्या, कमी उताराच्या जागेवर घरातील प्रत्येकाने करून पाहावे. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन असे बंद पडत नाही, आणि पत्नीही या वाटेने गाडी नेणार असतील तर माझे मत त्या एका कारणासाठी ऑटोमॅटिकच्या बाजूने झुकते. वडिलांना उतरताना लो रेंज आणि पहिला गिअर यांची सवय एका सुट्टीत होईल. ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला गिअरमध्ये उतरण्याचे तत्त्व मुळातून समजावून सांगावे लागत नाही.

थारच घ्यायची ठरल्यास मागच्या डिफरन्शियलचे यांत्रिक लॉक कोणत्या प्रकारात मिळते ते बुकिंगपूर्वी लेखी घ्यावे, कारण सर्व प्रकारांत ते नसते आणि चाकोरीत एक चाक लोंबकळले की त्याचीच गरज पडते. टायरमधील हवा पाणंदीच्या तोंडाशी २० पीएसआयपर्यंत कमी करावी आणि डांबरीवर येताच पुन्हा भरावी. लहान कॉम्प्रेसर गाडीत असू द्यावा. चिक्केवाडीच्या वाटेला जायचे असल्यास आधी वनखात्याकडे चौकशी करावी, आणि एकट्या गाडीने जाऊ नये.