नवीन स्टार ट्रेक फारच काळवंडलंय का? घरच्यांसोबत बघायला कुठून सुरुवात करावी?

सातरस्ता:
नमस्कार मंडळी. सल्ला हवाय.
रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही तिघं मिळून काहीतरी बघतो. मी, सहावीतली माझी मुलगी आणि माझे वडील. नाना रेल्वेतून निवृत्त झालेत. 'स्टार ट्रेक' म्हणजे अवकाशजहाजावरच्या माणसांच्या गोष्टी, त्यातली कॅप्टन कर्क आणि त्याचा साथीदार स्पॉक यांची मूळ मालिका त्यांनी दूरदर्शनवर बघितलेली, अजून त्यातले प्रसंग सांगतात. नातीलाही अवकाशाचं वेड, म्हणून त्यातलीच नवी मालिका, २०१७ ची 'डिस्कव्हरी' लावली. दुसऱ्याच भागात कॅप्टन जॉर्जिओ मारली जाते आणि नायिकेला बंडासाठी जन्मठेप होते. मग 'पिकार्ड' धरली. तिच्या पहिल्या सीझनच्या पाचव्या भागाची सुरुवातच अशी, की एका तरुणाचा डोळा भूल न देता काढतात. पोरीनं उशीत तोंड खुपसलं, नाना उठून गॅलरीत गेले. नंतर एवढंच म्हणाले, "आमच्या वेळी त्या जहाजावर आपणही जावं असं वाटायचं रे."
नवीन सगळंच असं आहे का? आजोबा आणि नात दोघांना चालेल असं काय आहे?

विजापूरवेस:
नानांना माझा नमस्कार सांगा, अगदी मनातलं बोलले. गोष्टीचं सोडा, पडदासुद्धा काळा! 'डिस्कव्हरी'चा ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, आणि 'पिकार्ड'चा तिसरा सीझन बघताना कोण कुठं उभा आहे तेच कळत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी खिडक्यांना जाड चादरी लावल्या तरी चेहरे दिसत नाहीत. जुन्या एंटरप्राइज जहाजावर लखलखीत उजेड असायचा. मी १९८७ ते १९९४ ची 'नेक्स्ट जनरेशन'च पुन्हा पुन्हा बघतो. तुम्हीही तीच लावा.

कंबरतलाव:
सातरस्ता, नानांचं वाक्य लाखमोलाचं आहे. पण पूर्वी सगळं गोडगोड होतं हे मला पटत नाही.
१९६७ चा 'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग नानांना विचारा, आठवत असेल. खाणीत एक दगडासारखा प्राणी कामगारांना जाळून मारतोय, पन्नासच्या वर माणसं गेलीत. सगळे हत्यारं घेऊन त्याच्या मागे. मग स्पॉक त्याच्या अंगाला हात लावून त्याचं मन वाचतो आणि कळतं की ती आई आहे. खाणकामगार जे गोल दगड फोडत होते, ती तिची अंडी. याहून भीषण काय असतं? पण शेवटी कामगार आणि ती आई एकाच खाणीत एकमेकांच्या मदतीनं राहायला लागतात.
'नेक्स्ट जनरेशन'मध्ये १९९२ साली कॅप्टन पिकार्डचा (ज्याच्या नावानं ती नवी मालिका आहे तोच) शत्रूच्या कैदेतला छळ दाखवलाय. चार दिवे असताना पाच आहेत म्हण, असा हट्ट धरलेला अधिकारी, आणि मधेच त्याची लहान मुलगी त्याच खोलीत येते. बाप तिच्याशी प्रेमानं बोलतो आणि समोर कैदी तसाच. तो भाग बघून मी रात्रभर अस्वस्थ होतो. सुटून आल्यावर पिकार्ड कबूल करतो की शेवटी त्याला खरंच पाच दिवे दिसले असं वाटलं होतं. 'डीप स्पेस नाइन' या मालिकेत १९९८ च्या एका भागात अवकाशस्थानकाचा प्रमुख सिस्को युद्ध जिंकण्यासाठी खोटा पुरावा तयार करवतो, त्यात माणसं मरतात, आणि शेवटी आपलीच नोंद पुसायला सांगतो. अंधार तिथंही होताच. पण त्याची टोचणी कुणालातरी लागलेली असायची. चुकतंय असं म्हणणारा एक तरी जण जहाजावर असायचा, किंवा चूक करणारा स्वतःच रात्री जागा असायचा. 'पिकार्ड'मधला तो डोळ्याचा प्रसंग मला म्हणूनच खटकतो. डोळा काढला तो इचेब म्हणजे 'व्हॉयेजर' या जुन्या मालिकेतला गुणी पोरगा, त्याला परत आणलं ते त्याला मुलासारखं मानणाऱ्या सेव्हनच्या सूडाला कारण हवं म्हणून. त्या पोराबद्दल गोष्टीला काही म्हणायचंच नाही.
दुसरं कारण साधं आहे. 'नेक्स्ट जनरेशन'चे सात सीझनमध्ये १७८ भाग झाले. एका आठवड्यात छळ, पुढच्या आठवड्यात डेटा या यंत्रमानवाची मांजर, मधूनमधून पत्त्यांचा डाव. आता वर्षाला दहा-पंधरा भाग आणि बहुतेक वेळा त्या सगळ्यांत मिळून एकच संकट, तेही अख्ख्या आकाशगंगेवरचं. मग कुणी निवांत जेवायला बसलेलं दिसणार कधी? आणि जिथं कुणी जेवायला बसत नाही, त्या जहाजावर नानांना कशाला जावंसं वाटेल!
म्हणून माझा सल्ला, २०२२ ची 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' लावा. प्रत्येक भागात वेगळी गोष्ट. दुसऱ्या भागात कॅप्टन पाइक स्वतः स्वयंपाक करून सगळ्यांना जेवायला बोलावतो आणि तिथं जहाजावरची तरुण उहुरा आपल्या अपघातात गेलेल्या आईवडिलांबद्दल बोलते. दुःख आहे, पण ते भरल्या ताटासमोर, माणसांच्या सोबतीनं सांगितलंय. त्याच भागात एक धूमकेतू कोरड्या ठणठणीत ग्रहाच्या दिशेनं येतोय, आणि शेवटी त्याच्या बर्फाची वाफ त्या ग्रहाच्या हवेत मिसळते. पावसाची वाट बघण्यात जन्म गेलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला त्या दृश्याचं मोल वेगळं सांगायला नको.
पहिल्या सीझनचे दोन भाग मात्र आधी एकट्यानं बघा. सहाव्यात एका लहान मुलाचा बळी आहे, नवव्यात गॉर्न या सरड्यासारख्या परग्रहवासीयांची पिल्लं माणसांच्या शरीरातून बाहेर येतात.

हुरडा_जानेवारी:
'डिस्कव्हरी'ला इतकं मोडीत काढू नका, कळकळीनं सांगतेय.
त्यात डॉक्टर कल्बर मारला जातो आणि दुसऱ्या सीझनमध्ये परत येतो. पण तो परत आला म्हणून सगळं पूर्ववत होत नाही. स्वतःचं शरीर त्याला परकं वाटतं, जोडीदाराच्या जवळ बसवत नाही, तो वेगळ्या खोलीत राहायला जातो. माझा भाऊ गेल्यावर आमच्या घरात हेच चाललं होतं. सगळे म्हणायचे, आता सावर. कसं सावरायचं ते कुणी सांगत नव्हतं. त्या मालिकेनं निदान दाखवलं की माणूस असाही मोडतो आणि त्याला वेळ लागतो. तिथली माणसं रडतात म्हणून अनेकांना राग येतो, मला त्याचाच आधार वाटला.
सहावीतल्या मुलीला मात्र आत्ता नको. शिव्या आहेत, रक्त आहे. ती कॉलेजला गेली की तिची ती बघेल.

कंबरतलाव:
ताई, कल्बरबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथं लेखकांनी घाई केली नाही. माझी तक्रार मोठ्या संकटांबद्दल आहे आणि ती तशीच आहे.

पूर्वभाग:
'प्रॉडिजी'चं नाव कुणीच कसं घेईना ओ? २०२१ ची, खास पोरांसाठी, ४० भाग. सुरुवात अंधारीच आहे, तुरुंगातली खाण आणि त्यात राबणारी पोरं. एकमेकांची भाषा कळू नये म्हणून तिथं भाषांतराची यंत्रं दिलेलीच नसतात, म्हणजे कैदी एक व्हायलाच नकोत. मग एक सोडलेलं जहाज सापडतं, आत पाऊल टाकल्यावर सगळ्यांचं बोलणं एकमेकांना कळायला लागतं, आणि ज्या दगडी धिप्पाड प्राण्याला सगळे घाबरत होते ती आठ वर्षांची गोड आवाजाची मुलगी निघते! आमच्या गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी सगळं एका ओट्यावर चालतं, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. होलोग्राम जेनवे, म्हणजे 'व्हॉयेजर'च्या कॅप्टनची संगणकानं उभी केलेली प्रतिमा, त्या पोरांना शिकवते, ओरडते, पाठीशी उभी राहते. तुमच्या मुलीला हेच दाखवा, नानांना पण आवडणार बघा.

सातरस्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.
खाणीतली ती आई नानांना लगेच आठवली, आणि आधी तोच भाग नातीला दाखवायचा असं त्यांनी जाहीर करून टाकलंय. त्यानंतर 'प्रॉडिजी', मग 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' तुम्ही सांगितलेले दोन भाग वगळून. तिच्या दुसऱ्या सीझनमध्येही असं काही आहे का, ते तेवढं सांगून ठेवा.

कंबरतलाव:
आठवा भाग वगळा. डॉक्टर म्बेंगाच्या युद्धातल्या आठवणी आहेत, मोठ्यांसाठी उत्तम, पण अंगावर येतो. दुसरा भाग न्यायालयातला आहे, तो नानांना नक्की दाखवा. नववा पूर्ण गाण्यांचा, अख्खं जहाज गातं. मुलीला तो चुकवू देऊ नका.