सांगलीत सुटी क्रिकेट कार्डं स्वस्तात घेताना काय बघायचं?

प्रश्न: मारुती रोड, हरभट रोडकडे एखाद्या स्टेशनरी दुकानात जुन्या कार्डांचा गठ्ठा मिळाला, तर सगळा उचलावा की निवडून घ्यावं?

उत्तर १: निवडूनच. आधी रबरबँड काढा. त्याचा वळ वरच्या-खालच्या कार्डांच्या कडेवर उमटतो, म्हणून मधली आधी बघा. कार्ड दाराच्या उजेडात तिरकं धरा, ओरखडे सरळ धरून दिसतच नाहीत. एक जरी कोपरा पांढरा पडला असेल तर भाव कमी करून मागा.

उत्तर २: दहापट भिंग न्याच! खऱ्या छपाईत चित्र रंगीत ठिपक्यांचं, पण काळी अक्षरं सलग आणि धारदार असतात. अक्षरांतही ठिपके दिसले तर बहुधा स्कॅन करून काढलेली नक्कल. मापही घ्या, नेहमीचं कार्ड ६३.५ × ८८.९ मिमी भरतं.

उत्तर ३: पावसाळ्यात चमकी कार्डं वाकतात, कारण कागद ओल धरतो, चमकीचा थर धरत नाही. इस्त्री फिरवू नका, थर सुटतो. आधी पातळ स्लीव्ह (कार्डाच्या मापाची प्लास्टिकची पिशवी), मग कडक टॉपलोडर (वरून उघडं, ताठ प्लास्टिकचं पाकीट), आणि डब्यात सिलिका जेलची पुडी.

प्रश्नकर्ता: साध्या फोटो अल्बमात चालतील?

उत्तर ३: मऊ पीव्हीसीचा असेल तर नको, शाई प्लास्टिकला चिकटते.