वृद्धाश्रमात ड्युटी लागली पण आजी-आजोबांशी बोलायचं कसं तेच जमून नाही राहिलं

काटोलची_पोट्टी

नमस्कार सगळ्यांना. मी जीडीएचा (जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे पेशंटची देखभाल करणारी मदतनीस) कोर्स करून तीन महिन्यांपासून नागपूरला हिंगणा साइडला एका वृद्धाश्रमात लागली आहे, नाव नाही सांगत. कोर्समध्ये बीपी घेणं, डायपर बदलणं, कूस बदलणं, व्हीलचेअरवर घेणं सगळं शिकवलं, मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) प्रॅक्टिकल पण झालं, पण बोलायचं कसं हे एका दुपारी उरकलं. "पेशंटशी हसून बोला" एवढंच आठवते मला.

आता प्रॉब्लेम सांगते. एक आहेत शाळेच्या रिटायर्ड हेडमास्तरीणबाई, धरमपेठच्या. पहिल्याच दिवशी मी म्हटलं आजी जेवली का तू, तर त्या म्हणे "मी तुझी आजी नाही" आणि तोंड भिंतीकडे. इन्चार्ज मॅडम मलाच बोलल्या की अगंतुगं काहून करते. आमच्याकडे सख्ख्या आजीला तूच म्हणतात हो, त्यात अपमान कुठून आला? आता मी तुम्ही म्हणते तरी त्या हाक मारली तर ओ देत नाहीत, टीव्हीसमोर बसून राहतात.

दुसरे एक आजोबा, इथल्या एम्प्रेस कापड मिलमध्ये होते. रोज पहाटे पाचला उठून दाराशी, "भोंगा झाला, डबा दे." मी सांगितलं आजोबा मिल केव्हाची बंद पडली, तिथं मॉल झाला, तर ते ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी परत भोंगा झाला.

तिसरे काका, लकव्याने उजवी बाजू गेली. एकच शिवी देतात, दिवसभर तीच. आंघोळीला घेतलं की जास्तच. परवा माझं मनगट असं पिळलं की निळं झालं. रजिस्टरमध्ये लिहिलं "अ‍ॅग्रेसिव्ह", बस.

18 जणांमागे दिवसा आम्ही तिघी. काम येते मला, पण बोलणं नाही येत असं सगळे म्हणून राहिले. काय चुकते?

मेडिकलची_जुनी_सिस्टर

बाळा आधी हे सांगते की तुझं "तू" चुकीचं नाही. तुझ्या घरी ते मायेचं आहे, धरमपेठच्या बाईंना ते वर्गातल्या पोरीने केलेलं अगंतुगं वाटलं, एवढाच फरक. आणि त्यांच्या जागी बसून बघ, घर गेलं, किल्ल्या गेल्या, स्वतःच्या हाताने चहा करायचा तोही गेला, साडीऐवजी गाऊन आला. चाळीस वर्षं सगळी शाळा ज्यांना "बाई" म्हणत होती त्यांना तू एका मिनिटात "आजी" करून टाकलं. म्हणून नवीन माणूस आलं की पहिल्या दिवशी विचारायचं, तुम्हाला काय म्हणू? कोणी काकू सांगेल, कोणी नाव सांगेल, कोणी म्हणेल आजीच म्हण गं पोरी. ते कार्डावर लिहून पलंगाला लाव म्हणजे नाइटवाली पण तेच म्हणेल. "सात नंबर", "डायपरवाले" हे मी माझ्या वॉर्डात एकदा ऐकलं होतं, परत ऐकू दिलं नाही.

दुसरं टोक पण वाईटच. "चला बाळा, आपण शू करू, शहाणं बाळ ते" असं लाडे लाडे बोलणं. त्याला एल्डरस्पीक म्हणतात आणि स्मृतिभ्रंशाच्या पेशंटवर यावर अभ्यास झालेले आहेत, असं बोललं की पेशंट कामाला जास्त विरोध करतात. मला अभ्यास माहीत नव्हता तेव्हाही दिसत होतं, ज्या मावशी तसं बोलायच्या त्यांनाच जास्त चावे बसायचे.

आंघोळीचं सांगते कारण सगळी भांडणं तिथंच होतात. "आंघोळ करता का?" असं विचारूच नको, उत्तर "नाही" हेच येणार आणि मग तू जबरदस्ती करणार, म्हणजे विचारलं कशाला? "पाणी काढलंय, आधी पाय धुऊ का हात?" असं दोनातलं एक त्यांना निवडू दे. पाणी आधी त्यांच्या हातावर, मग पायावर, डोक्यावर शेवटी. अंगावर टॉवेल राहू दे, जेवढं धुतेस तेवढंच उघडं. आणि दोघी असाल तर बोलेल एकच, एक म्हणते हात वर करा अन् दुसरी म्हणते वळा, मग डोकं फिरणार नाही तर काय. फारच नाही म्हणाले तर वीस मिनिटांनी परत जा, हे हरणं नाही.

आणि एक आपल्या नागपूरचं. खोलीत कूलर चालू असेल तर आधी तो बंद कर, मग बोल. आपल्याला सवय आहे त्या घरघरीची, पण कमी ऐकू येणाऱ्याला त्यात तुझं बोलणं सापडतच नाही. मे महिन्यात 45 डिग्रीत "पाणी देऊ का?" विचारलं तर दहातले आठ नको म्हणतात, म्हातारपणी तहान लागल्याची जाणीवच कमी होते. ग्लास हातात द्यायचा, "हे पन्हं घ्या, चाखून सांगा आंबट झालं का." सांगण्यासाठी तरी दोन घोट जातात पोटात.

नाइटड्युटीवाला_मनीषनगर

सिस्टर तुमचं सगळं बरोबर पण हे पुस्तकी आहे. 18 जण, तिघी. सकाळी सात ते नऊमध्ये सगळ्यांची तोंडं, आंघोळी, नाश्ता, त्यात पाय धुऊ का हात विचारत बसायचं? मी सात वर्षं करून राहिलो हे काम, घरी जाऊन पण अन् संस्थेत पण. मालकांना स्टाफ वाढवायला सांगा, मग पोरीला बोलायला शिकवा.

एक गोष्ट मात्र मी करतो, ती बोलणं म्हणा का काही म्हणा. हात लावायच्या आधी सांगतो. "काका कूस बदलतोय, डावीकडे, एक दोन तीन." बेशुद्धासारखा पेशंट असला तरी. न सांगता चादर ओढली की माणूस दचकतो, दचकला की हात उगारतो. झोपेतून उठवताना समोरून जायचं, मागून खांद्यावर हात टाकायचा नाही. याला वेळ लागत नाही.

मेडिकलची_जुनी_सिस्टर

@नाइटड्युटीवाला दादा स्टाफचं शंभर टक्के खरं, मी नोकरीभर त्यावरच भांडली. पण एका भांडणाच्या आंघोळीला चाळीस मिनिटं अन् दोन माणसं लागतात, हेही तुम्ही पाहिलंच असेल ना. आणि तुम्ही जे एक दोन तीन करता तेच तर मी सांगून राहिली, फक्त तुम्ही त्याला पुस्तकी म्हणत नाही.

इतवारीकर

मिलवाल्या आजोबांचं वाचून राहवलं नाही. माझे बाबा पण एम्प्रेस मिलचेच. 1877 ला सुरू झालेली मिल, 2002 ला कायमची बंद पडली, बाबांच्या डोक्यात मात्र अजून चालू आहे. सुरुवातीला मी पण तुमच्यासारखंच करायचो, बाबा मिल पडली, बाबा तिथं मॉल आहे, एकदा तर गाडीवर बसवून दाखवायला नेलं, मूर्खपणा झाला. कारण त्यांच्यासाठी ती बातमी दर वेळी नवीन असते. तुम्ही आज सांगितलं की मिल बंद पडली, ते आज बेकार झाले. उद्या विसरले, उद्या तुम्ही परत सांगितलं, परत बेकार झाले.

मग कोणी विचारेल खोटं बोलायचं का? मला पण ते नाही जमत की "हो बाबा भोंगा झाला, जा". मी विचारतो, कोणत्या पाळीला आहे आज? कोणत्या खात्यात? साचे (म्हणजे माग) किती सांभाळायचे? की सुरू होतात, डब्यात काय असायचं, कोणत्या जॉबरने (मुकादमाने) कोणाला शिव्या घातल्या, अर्धा तास. दाराकडे जायचं राहूनच जाते.

आणि महत्त्वाचं, हे मला खूप उशिरा कळलं. पाचला ते उठायचे ते भोंग्याने नाही, लघवीला लागायची म्हणून. ते सांगता येत नव्हतं, उठलो म्हणजे कामावर जायचं असेल असं त्यांनीच जुळवलं. आता पावणेपाचला मीच बाथरूमला नेतो, मग चहा. आठवड्यात पाच दिवस भोंगा होतच नाही.

वाचा_उपचार_सदर

मी स्पीच थेरपिस्ट आहे, तिसऱ्या काकांबद्दल लिहिते. उजवी बाजू गेली म्हणजे मेंदूचा डावा भाग, आणि भाषा बहुतेकांची तिथंच असते. तो भाग दुखावून बोलणं अडतं त्याला अफेजिया म्हणतात. अशा कित्येक पेशंटना समजतं बऱ्यापैकी पण शब्द बाहेर निघत नाही, आणि जे आपोआप तोंडात बसलेलं असतं, शिवी, अंक, हरिपाठ, आरती, ते मात्र धडधड निघतं. म्हणजे काका तुम्हाला शिवी देत नाहीयेत, त्यांच्याकडे तेवढाच एक शब्द उरलाय आणि सगळं त्याच्यातच सांगावं लागतं, पाणी पण आणि दुखतंय पण. शब्द सोडा, सूर ऐका आणि चेहरा बघा.

आता मनगट पिळलं ते कधी, आंघोळीत ना? लकव्याच्या बाजूचा खांदा सैल होतो आणि तो हात धरून ओढलं किंवा वर केला की प्रचंड दुखतं. तो हात ओढून कधीच उठवायचं नाही, खालून आधार द्यायचा. मला वाटतं त्यांनी तुम्हाला थांबवलं, दुसरा मार्गच नव्हता त्यांच्याकडे. रजिस्टरमध्ये "अ‍ॅग्रेसिव्ह" लिहिलं की उद्याची मुलगी आधीच घाबरून जाईल, दोघी मिळून धरतील, आणखी दुखेल. त्याऐवजी लिहा, "सकाळी 8 वाजता, उजवा हात वर करताना ओरडले, मनगट धरलं, हात सोडल्यावर शांत." हे वाचून डॉक्टर किंवा फिजिओ काहीतरी करू शकतात, अ‍ॅग्रेसिव्ह वाचून झोपेची गोळी वाढेल फार तर.

बोलताना एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीचा, आणि वस्तू दाखवून. शर्ट हातात घेऊन "हा?" मनात दहापर्यंत मोजा, तेवढा वेळ त्यांना लागतोच, आपण तिसऱ्या सेकंदाला दुसरा प्रश्न टाकतो. हो-नाहीची पण अदलाबदल होते, म्हणून मान काय म्हणते ते पण बघा. नाही समजलं तर समजल्याचं नाटक करू नका, त्यांना कळतं. "मला नाही समजलं काका, परत दाखवा." आणि घास तोंडात असताना काहीही विचारू नका, ठसका लागेल.

बाईंचं एक विचारायचं आहे. ओ देत नाहीत की ऐकूच येत नाही? कानाचं मशीन आहे का, ड्रॉवरमध्ये बघा बरं. आणि ओरडू नका, ओरडलं की आवाज चिरका होतो आणि वयाबरोबर आधी चिरके आवाजच ऐकू येईनासे होतात. समोर या, चेहऱ्यावर उजेड पडू द्या, जाड आवाजात, सावकाश.

पुण्यातली_लेक

माझी आई नागपूरला एका होममध्ये आहे (हे नाही, दुसरं). मी फोन केला की सांगतात "मस्त आहेत मावशी". रोज मस्त. मागच्या पावसाळ्यात सोमवारी मस्त, मंगळवारी मस्त, बुधवारी अ‍ॅडमिट. लघवीचं इन्फेक्शन होतं आणि दोन दिवसांपासून ती भलतंच बडबडत होती, सगळ्यांना वाटलं वयामुळे. मला मस्त नको, मला "काल दोन पोळ्या, आज अर्धी" हवंय.

मेडिकलची_जुनी_सिस्टर

हे फार महत्त्वाचं, पोट्टी हे नीट वाच. परवापर्यंत बरं असलेलं माणूस एक-दोन दिवसांत भरकटलं, दिवसा झोपून राहिलं, ओळखेना, तर ते वय नाही. इन्फेक्शन, पाणी कमी, शौचाला न होणं, नवीन गोळी, काहीही असू शकते. त्याच तासाला इन्चार्जला सांगायचं, ड्युटी बदलायची वाट पाहायची नाही. तुझं म्हणणं नको, पाहिलेलं सांग, किती वाजता काय, आधी कसं होतं.

नातेवाइकांना मात्र जेवण, झोप, मूड एवढंच तू सांग. रिपोर्ट, औषध, डॉक्टर काय म्हणाले हे इन्चार्ज सांगतील. लेकीला टाळून राहिली असं वाटू देऊ नको, "मी मॅडमला सांगते, त्या संध्याकाळी फोन करतील" म्हण आणि मॅडमला खरंच सांग. आणि कोणाचे व्हिडिओ काढून स्टेटसला टाकायचे नाहीत, कितीही गोड असले तरी.

काटोलची_पोट्टी

दहा दिवसांनी लिहून राहिली, सॉरी, सलग ड्युट्या होत्या.

आजोबांना पावणेपाचला बाथरूमला नेणं सुरू केलं. भोंगा अजून होतो पण कमी. साचे किती विचारलं तर मलाच साचा चालवायला शिकवून राहिले, हातवारे करून. काकांचा खांदा फिजिओने पाहिला, हात उशीवर ठेवायला सांगितलं. शिवी चालू आहे, पण काल शर्ट दाखवला तर मान हलवून दुसरा मागितला अन् शिवी पण हळूच दिली, मला हसूच आलं, ते पण हसले.

बाईंचं मशीन निघालं हो! ड्रॉवरमध्ये, रुमालात गुंडाळलेलं, सेल गेलेला. सहा महिने झाले म्हणे, कोणी विचारलंच नाही. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, "बाई, मशिनचा सेल आणते". त्यांनी पेन मागितला अन् माझ्या "मशिन"ची वेलांटी दुरुस्त केली. बोलल्या काहीच नाही.

आता सेल कुठला आणू? मशीनवर 312 लिहिलं आहे. इथल्या मेडिकल स्टोअरवाल्याने घड्याळाचा सेल काढून दिला.

वाचा_उपचार_सदर

घड्याळाचा नाही चालणार. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कानाच्या मशीनच्या दुकानात 312 मागा, तपकिरी पट्टीचं पाकीट, सहा येतात. पट्टी काढली की एखादं मिनिट हवेत राहू द्या मग बसवा, या सेलला हवा लागते. सगळ्यांच्या पट्ट्या एकदम काढू नका, पट्टी निघाली की सेल न वापरता पण उतरतो. रात्री झोपताना मशीनचं झाकण उघडं ठेवा, आणि बाईंना मशीन लावायच्या आधी कानात मळ आहे का ते सिस्टरला बघायला सांगा.